लहान मोटारीमागें चाकांचें घर

नाशिकच्या एका भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. त्यांचे चिरंजीव अमेरिकेंत कोलोरॅडो राज्यांतील डेन्व्हर शहरीं नोकरीस आहेत. त्यांच्याजवळ मध्यम आकाराची पिकअप मोटार आहे; म्हणजे पुढें पांच माणसें बसण्याची जागा व मागें सामानाचा उघडा हौदा. येत्या उन्हाळ्यांत आईवडिलांस बोलावून घ्यावें, सून व नात ह्यांसह सर्वांनीं मिळून यलोस्टोनचें राष्ट्रीय उद्यान पाहावें, व त्यासाठीं मोटारीमागें ओढून नेण्याचें एक चाकांचें घर, ज्यास तिकडे कॅम्पर म्हणतात, तें विकत घ्यावें, असा चिरंजीवांचा बेत आहे. घर पसंत झालें आहे. "तुमची मोटार हें सहज ओढील," असें विक्रेत्यानें सांगितलें आहे. परंतु त्यांच्याच ओळखीच्या एका मराठी कुटुंबाचें असेंच घर मागच्या वर्षीं एका उतारावर डुलूं लागलें, आणि पाहतां पाहतां मोटारीसह रस्त्यावर आडवें झालें. माणसें वांचलीं, पण त्या घरच्या आजीबाईंचें मनगट अजून नीट वळत नाहीं. "आम्हीं जावें कीं न जावें?" असा भगिनींचा प्रश्न आहे. "हे म्हणतात, मुलगा इंजिनियर आहे, त्यास आपण काय सांगावें!" अशी पुस्तीहि त्यांनीं जोडली आहे.

चिरंजीव संगणकाचे इंजिनियर आहेत. संगणकास आंस नसतो. तेव्हां ह्या विषयांत त्यांस कोणी कांहीं सांगितलें तर त्यांत त्यांच्या विद्येचा उपमर्द होण्यासारखें कांहीं नाहीं. आणि हल्लीं आपल्यापैकीं बहुतेक घरांतील एखादें तरी माणूस त्या देशीं असल्यामुळें, एका घरास द्यावयाचें उत्तर आम्ही सर्वांसमोर देत आहों.

प्रथम एक भेद मनांत पक्का धरावा. ओढणें निराळें व सांवरणें निराळें. विक्रेता बोलला तें ओढण्याविषयीं, आणि तें बहुधा खरेंच असेल. हल्लींच्या इंजिनांस जोर कमी नाहीं. उसाच्या गाळपाच्या दिवसांत कोल्हापूर-सांगलीकडील रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागें दोन-दोन ट्रॉल्या जातांना ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांस ओढण्याचें नवल वाटणार नाहीं. पण त्यांतील मागची ट्रॉली कशी नागमोडी चालते, हेंहि त्यांनीं पाहिलें असेल. तेथें वेग बैलगाडीहून थोडा अधिक एवढाच, म्हणून निभावतें. हाच प्रकार ताशीं ६५ मैलांच्या वेगानें होऊं लागला तर काय होईल, ह्याची कल्पना करावी.

आतां हें डुलणें मुळांत कां होतें तें पाहूं. आपल्या बैलगाडीस दोन चाकें व एकच आंस असतो. भार आंसाच्या मागें गेला कीं जूं वर उचलतें. मग 'गाडी उलाळ झाली' असें शेतकरी म्हणतो. भार फारच पुढें आला तर बैलांच्या माना दबतात. म्हणून गाडी भरणारा जाणता माणूस भरतां भरतां पुढील दांडी हातानें उचलून पाहतो, व जूं थोडें जड राहील इतकाच भार आंसाच्या पुढें ठेवतो. संस्कृतांत ह्या जुंवाच्या भारास 'धुर्' म्हणतात. सभासंमेलनांतून ज्यांस आपण धुरंधर म्हणतों ते मूळचे मानेवर हा भार घेणारे. असो. कॅम्परची रचना ह्याहून निराळी नाहीं. त्याच्या पुढें लोखंडाची एक निमुळती जीभ असते, आणि ती मोटारीच्या मागें बसविलेल्या पोलादी गोळ्यावर टेकते. जीभ ही दांडी, गोळा हें जूं, आणि मोटार हे बैल.

जिभेचा गोळ्यावर किती भार पडावा, ह्याविषयीं अमेरिकेंत सर्वमान्य झालेला नियम असा कीं, सामानसुमानासह भरलेल्या घराचें जें एकूण वजन, त्याच्या शेंकडा १० पेक्षां कमी नसावा व शेंकडा १५ पेक्षां अधिक नसावा. युरोपांत ह्याहून बराच कमी भार चालतो. पण तेथें असें घर ओढणाऱ्या मोटारीस वेगाचें बंधनहि कडक आहे. जर्मनींत सामान्य मर्यादा ताशीं ८० किलोमीटर, म्हणजे ५० मैल, एवढीच आहे. अमेरिकेचा वेग आणि युरोपचा भार अशी सांगड कोणीं घालूं नये.

भार कमी पडल्यानें काय होतें, हें दाखविणारा एक खेळण्यांतला प्रयोग पुष्कळांनीं पडद्यावर पाहिला असेल. व्यायामशाळेंत असतो तसा फिरता पट्टा घेऊन त्यावर एक लहानशी मोटार व तिच्यामागें एक लहानशी गाडी जोडतात. मागच्या गाडींत वजनें आंसाच्या पुढें ठेवलीं असतां, बोटानें कितीहि ढकललें तरी ती दोन झोके खाऊन सरळ होते. तींच वजनें काढून आंसाच्या मागें ठेवलीं कीं, बोटाचा एक हलका स्पर्श होतांच गाडी डुलूं लागते, झोके वाढत जातात, आणि शेवटीं मोटारहि फिरून पडते. वजन तेंच, मोटार तीच. फक्त वजनाची जागा बदलली. ज्या घरांत लहान मुलें आहेत त्यांनीं हा प्रयोग त्यांस अवश्य दाखवावा. आमच्या वर्गांतील फळ्यावर तासभर आकृत्या काढून जें साधलें नसतें, तें त्या अर्ध्या मिनिटांत साधतें.

झोके कमी होणें किंवा वाढणें हें घरच्या झोपाळ्याचें उदाहरण घेतल्यानें चांगलें समजेल. झोपाळ्यास एकदां ढकलून सोडला तर कड्यांच्या घर्षणानें तो हळूहळू थांबतो. पण कोणी प्रत्येक झोक्यास पायानें थोडा थोडा रेटा देत गेला, तर तो चढत जातो. कॅम्परला वाऱ्याचा किंवा शेजारून गेलेल्या मालमोटारीचा धक्का बसला कीं तें गोळ्याभोंवतीं एका बाजूस वळतें. त्याचीं चाकें रस्त्यास घट्ट धरून त्यास परत आणूं पाहतात. तें परत येतांना मध्यरेषा ओलांडून दुसऱ्या बाजूस जातें. आणि प्रत्येक खेपेस गोळ्यावाटे मोटारीच्या शेंपटास आडवा हिसका देतें. मंद वेगांत चाकांची ही पकड झोक्यास दर खेपेस थोडा थोडा मारून टाकते. वेग वाढत जातो तसतसा पकडीचा हा शमविण्याचा गुण कमी कमी होत जातो, आणि एका ठराविक वेगापलीकडे तर उलट प्रकार होतो. मोटारीच्या वेगांतूनच झोक्यास रेटा मिळूं लागतो व तो आपण होऊन वाढतो. हा वेग प्रत्येक जोडीचा निराळा असतो. तो कोठेंहि लिहिलेला नसतो. घर नीट भरलें असेल तर तो आपल्या रोजच्या चालण्याच्या वेगाहून पुष्कळ वर राहतो. वाईट भरलें असेल तर तो ५५ मैलांवर येऊन उभा असतो, आणि गाडी ५३ मैलांपर्यंत अगदीं शहाण्यासारखी चालत असल्यामुळें चालकास त्याची वार्ताहि नसते. उतारावर अपघात फार होतात ते ह्यामुळेंच. चालकानें ठरविलेला नसतांहि तेथें वेग दोनचार मैलांनीं वाढतो.

इंग्लंडांतील बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनीं ह्या विषयावर केलेले प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत असें दिसून आलें कीं, जिभेवरील भार, आंसाची जागा, आणि घरांतील वजन मध्यभागीं आहे कीं दोन्ही टोंकांस विभागलेलें आहे, ह्या गोष्टींवर वेगांतील स्थैर्य फार अवलंबून असतें. घराचें एकूण वजन त्या मानानें कमी महत्त्वाचें ठरलें. हें गृहिणींनीं विशेष ध्यानांत घ्यावें, कारण घर भरणें हें बहुधा त्यांच्याच हातीं असतें. आपली माणसें प्रवासास निघालीं कीं तांदुळाची थैली, कणकेची थैली, कुकर, मिक्सर, लोणच्यांच्या बरण्या हें सारें आलेंच. तें न्यावें, पण घराच्या अगदीं मागच्या फडताळांत भरूं नये, आणि अगदीं टोंकाला पुढेंहि कोंबूं नये. जड वस्तु आंसाजवळ, आंसाच्या किंचित् पुढें, व जमिनीलगत ठेवाव्या. वरच्या फळ्यांवर कपडे व पांघरुणें. दोन्ही टोंकांस जड वस्तु ठेवून मध्य रिकामा राखला तर कांटा बरोबर दाखवील, पण एकदां वळूं लागलेलें घर थांबविणें फार अवघड जाईल. दोन्ही टोंकांस हंडे बांधलेली कावड गरकन् फिरली तर जशी हातानें धरवत नाहीं तसें.

दोन वस्तु विशेष फसवितात. एक, मागें टांगलेल्या सायकली. सायकली व त्यांची चौकट मिळून १५० पौंड धरूं. (पौंड म्हणजे आपला जुना रत्तलच.) त्या आंसाच्या मागें १२ फुटांवर असल्या, आणि जिभेचें टोंक आंसाच्या पुढें १४ फुटांवर असलें, तर तुळईच्या नियमानें जिभेवरचा सुमारें १३० पौंड भार उचलला जातो. दुसरी वस्तु म्हणजे पाणी. अमेरिकन गॅलनभर पाण्याचें वजन सुमारें ८.३ पौंड. कित्येक घरांत ताज्या पाण्याची टांकी आंसाच्या मागें असते. ती भरली कीं जीभ हलकी होते. घर घेण्यापूर्वीं पलंगाखालीं वांकून टांकी कोठें आहे तें पाहावें. विक्रेते पडद्यांचा रंग दाखवितात, टांकी दाखवीत नाहींत.

आतां मोटारीकडे वळूं. कारण भगिनींच्या पत्रांतील खरी अडचण तेथेंच आहे. टॅकोमा, रेंजर अशा मध्यम पिकअप मोटारींच्या जाहिरातींत सहा-सात हजार पौंड ओढण्याचे आंकडे असतात. हे आंकडे खोटे नाहींत. २००८ सालीं अमेरिकन मोटार-इंजिनियरांच्या संस्थेनें ते कसे काढावे ह्याचें प्रमाण ठरविलें. ॲरिझोनांतील डेव्हिस धरणाजवळचा लांबलचक चढ भर उन्हाळ्याच्या उष्म्यांत चढून जाणें ही त्यांतील एक कसोटी आहे. परंतु ह्याच प्रमाणांत असें गृहीत धरलें आहे कीं, मोटारींत माणसें दोन, व प्रत्येकाचें वजन १५० पौंड. आईवडील, सून, नात ह्यांचा त्या गणितांत पत्ता नाहीं! एकत्र कुटुंबाच्या हिशेबानें जगांत कोणीच मोटार मोजीत नाहीं. तो हिशेब आपला आपण केला पाहिजे.

त्यासाठीं चालकाच्या दारामागील खांबावर चिकटविलेला एक लहानसा कागद वाचावा. माणसें व सामान मिळून अमुक पौंडांहून अधिक भार ह्या मोटारींत नसावा, असें त्यावर लिहिलेलें असतें. हा आंकडा त्याच एका मोटारीचा असतो. शेजाऱ्याच्या तशाच मोटारीचा निराळा असूं शकतो. जिभेचा भारहि ह्यांतच धरावयाचा. उदाहरणादाखल हा आंकडा १,१५० धरूं. पसंत केलेल्या घराचें वजन पत्रकांत ३,८०० पौंड म्हणून छापलें असेल, तर तें रिकाम्या घराचें. त्यांत ३० गॅलन पाण्याचे सुमारें २५०, भरलेल्या दोन गॅसटांक्यांचे ७५, विद्युत्घटाचे ६०, आणि अंथरुणें, भांडीं, शिधा, कपडे, खुर्च्या ह्यांचे मिळून ६१५ मिळवावे. बेरीज ४,८०० होते. त्याचे शेंकडा १३ म्हणजे ६२४ पौंड जिभेवर. गोळ्याची लोखंडी जुळणी ८० पौंड. माणसें: चिरंजीव १७५, सूनबाई १४०, नात ६५, आजोबा १५०, आजी १३०, मिळून ६६०. एकंदर १,३६४. कागदावरील आंकड्याहून २१४ पौंड अधिक, आणि मागच्या हौद्यांत अद्याप एक छत्रीहि ठेवलेली नाहीं. ओढण्याचा आंकडा सहा हजारांच्या वर असतां ही स्थिति आहे. "सहज ओढील" ह्या वाक्यानें लोक फसतात ते असे.

शिवाय लहान मोटारीस एक जन्माचाच तोटा आहे. तिच्या पुढील व मागील आंसांत अंतर कमी, आणि गोळा तर मागील आंसाच्याहि मागें. समजा, दोन आंसांमध्यें १० फूट अंतर आहे व गोळा मागील आंसाच्या ४ फूट मागें आहे. गोळ्यावर ६०० पौंड ठेवले, तर मागील चाकांवर ६०० नव्हे, ८४० पौंड वाढतात; हे जादा २४० पुढील चाकांवरून उचलले जातात. ज्या चाकांनीं दिशा धरावयाची तींच हलकीं झालीं! आणि मागून येणारा आडवा हिसका त्याच चार फुटांच्या तुळईनें मोटारीचें शेंपूट फिरवितो. मोठी, लांब, जड मोटार हा हिसका गिळून टाकते. लहानीस तो गिळवत नाहीं. इंग्लंडांत नवशिक्यांस असा सल्ला देतात कीं, मागील घराचें वजन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या शेंकडा ८५ हून अधिक नसावें. मध्यम पिकअपचें वजन ४,४०० पौंड धरलें, तर हा आंकडा ३,७४० येतो. अमेरिकन लोक हा नियम फारसा मानीत नाहींत. आमच्या मतें वृद्ध माणसें बरोबर असतांना तो मानावा.

तेव्हां भगिनींस आमचें सांगणें असें. हें घर ह्या मोटारीमागें, पांच माणसें आंत घालून, नेऊं नये. बेत मोडण्याचें मात्र कारण नाहीं. भरून ३,००० पौंड होईल असें लहान घर घेतलें, तर जिभेवर ३९०, लोखंडी जुळणी ८०, माणसें ६६०, मिळून १,१३०. हिशेब कसाबसा बसतो, हौद्यांत मात्र कांहीं ठेवतां यावयाचें नाहीं. दुसरा मार्ग म्हणजे लहान घरच घ्यावें, आणि आजी-आजोबांनीं विमानानें वायोमिंग राज्यांतील जॅक्सन येथें उतरावें. तेथून यलोस्टोनचें दक्षिणद्वार मोटारीनें जवळच आहे. सर्वांनीं एकत्र प्रवास करावा हाच हेतु असला, तर सूनबाईंनीं घरची दुसरी मोटार चालवावी व वृद्धांस तींत बसवावें. ह्यांतील कोणता मार्ग धरावा हें घरच्या माणसांनीं ठरवावें; पण तें ठरविण्यापूर्वीं दारावरील कागदाचें छायाचित्र चिरंजीवांनीं आईस पाठवावें, एवढें आईनें मागावें. हें मागण्यास इंजिनियर असावें लागत नाहीं.

ह्यावर, झोके थांबविण्याचीं साधनें बाजारांत मिळतात, तीं कां लावूं नयेत, असा प्रश्न येईल. लावावीं, पण त्यांचें काम काय तें समजून लावावीं. एका प्रकारांत दोन पोलादी कांबींचा ताण देऊन जिभेचा भार पुढील चाकांवर व घराच्या आंसावर वांटून देतात; वर सांगितलेले उचलले गेलेले २४० पौंड ह्यानें पुष्कळसे परत येतात. दुसऱ्या प्रकारांत घर्षणाची पट्टी असते. ती गोळ्याभोंवतीं वळण्यास अडवणूक करते. तिसरा प्रकार चार दांड्यांच्या जुळणीचा. त्यानें वळण्याचा बिंदु जणूं मोटारीच्या मागील आंसाजवळ सरकतो. हा सर्वांत गुणकारी, व किंमतहि तशीच. खेरीज २०१२ सालच्या नमुन्यांपासून अमेरिकेंत सर्वच हलक्या मोटारींस घसरण सांवरणारी विजेची योजना सक्तीची आहे, आणि कित्येक पिकअप मोटारींत तीच योजना मागील घराचे झोके ओळखून एकेका चाकास ब्रेक लावते. हीं सर्व साधनें उपयोगी आहेत. परंतु ह्यांपैकीं एकानेंहि दारावरील आंकडा वाढत नाहीं, आणि मागें उलाळ झालेलें घर पुढें जड होत नाहीं. घर्षणाची पट्टी तर चुकीच्या भरणीवर पांघरूण घालते असें आमचें मत आहे. मंद वेगांत ती सर्व ठीक असल्याचा भास उत्पन्न करते.

वजन प्रत्यक्ष मोजावें, अंदाजानें बोलूं नये. तिकडील हमरस्त्यांवर मालमोटारींच्या थांब्यांजवळ मोठे कांटे असतात. थोडक्या पैशांत प्रत्येक आंसाचें वजन निराळें छापून मिळतें. माणसांसह नुसती मोटार एकदां, आणि ताणाच्या कांबी न लावतां घर जोडून एकदां, असें तोलावें. मोटारीच्या दोन आंसांची बेरीज जितकी वाढली तितका जिभेचा भार. घरींहि हें करतां येतें. एक मजबूत तुळई घेऊन तिचें एक टोंक विटेवर व दुसरें घरांतील वजनाच्या कांट्यावर टेकवावें. विटेपासून १ फुटावर व कांट्यापासून २ फुटांवर जीभ उतरवावी. कांटा दाखवील त्याची तिप्पट करावी. कांट्यावर २०० आले तर जिभेवर ६०० आहेत. मात्र घर सपाट जागेवर असावें, व त्याच्या चाकांस दोन्ही बाजूंनीं अडसर लावलेला असावा.

टायरांतील हवा निघण्यापूर्वीं, टायर थंड असतां, तपासावी. मोटारीचीं मागचीं टायरें मऊ असलीं तर तींच डुलतात. घर जोडल्यावर जमिनीशीं समांतर किंवा नाकाकडे किंचित् झुकलेलें दिसावें; नाक वर असेल तर गोळा फार उंचावर बसला आहे, तो बदलून घ्यावा.

वेगाविषयीं थोडें. कॅलिफोर्नियांत कांहींहि ओढणाऱ्या मोटारीस ५५ मैलांची मर्यादा आहे. इंग्लंडच्या मोठ्या रस्त्यांवर ती ६० आहे. वायोमिंगमध्यें कांहीं पट्ट्यांत सर्वांसच ८० मैलांची मुभा आहे, आणि नेमक्या त्याच राज्यांतील लॅरमी ते रॉलिन्स हा रस्ता वाऱ्याकरितां सर्व देशांत प्रसिद्ध आहे. वारा फार असला कीं उंच व हलक्या गाड्यांस तो रस्ता बंद करतात. तसा फलक दिसल्यावर, आपली गाडी फारशी उंच नाहीं असा युक्तिवाद न करतां, गांवांत मुक्काम करावा. पुढें यलोस्टोनकडे जातांना टोग्वोटीचा घाट लागतो. त्याची उंची साडेनऊ हजार फुटांहून अधिक आहे. त्याच्या उतारावर माथ्यावरच खालचा गियर घालावा. वेग वाढल्यावर नव्हे. सपाटीवर ६० मैल पुरे. मागचे लोक भोंगे वाजवितील, त्यांस वाजवूं द्यावे.

एवढें करूनहि झोके सुरू झालेच, तर काय करावें हें चालकानेंच नव्हे, शेजारीं बसणारानेंहि पाठ केलेलें असावें. मोटारीचा ब्रेक जोरानें दाबूं नये. मोटार थांबूं पाहते, घर मागून रेटतें, आणि झोका दुप्पट होतो. वेग वाढवून घर सरळ करण्याचा मोह तर मुळींच धरूं नये. झोक्याच्या उलट चाक फिरवीत बसूं नये, कारण माणसाचा हात नेहमीं अर्धा क्षण उशीरा पोंचतो आणि झोक्यास साह्य करतो. चाक सरळ, घट्ट, स्थिर धरावें. ॲक्सिलरेटरवरील पाय हळूच उचलावा. आणि चालकाच्या गुडघ्याजवळ घराचे ब्रेक चालविणारी जी लहानशी पेटी असते, तिची पट्टी हातानें दाबून एकट्या घरासच ब्रेक लावावा; त्यानें घर मागें ओढलें जाऊन सरळ होतें. ही पट्टी कोठें आहे हें अंधारांत चांचपूनहि सांपडलें पाहिजे. निघण्यापूर्वीं रिकाम्या मैदानांत मंद वेगानें दहा वेळां ती दाबून पाहावी. मग गाडी बाजूस घेऊन थांबावें, व काय हललें, काय सरकलें, तें पाहून वजनांची मांडणी बदलल्याखेरीज पुढें निघूं नये.

भगिनींनीं शेवटीं आणखी एक विचारलें आहे. त्यांच्या यजमानांस पाठीचें दुखणें असल्यामुळें, वाटेंत त्यांनीं मागच्या घरांत पलंगावर पडून राहिलें तर चालेल काय? चालणार नाहीं. अमेरिकेंतील अनेक राज्यांत चालत्या कॅम्परमध्यें माणूस बसविण्यास कायद्यानें मनाई आहे. आणि जेथें नसेल तेथेंहि, झोके सुरू झाल्यास सर्वांत मोठा हिसका त्या पलंगासच बसावयाचा. त्यांनीं पुढें, पट्टा बांधून, पाठीशीं उशी घेऊन बसावें. दर दोन तासांनीं गाडी थांबवावी, घराच्या चाकांस अडसर लावावा, जिभेखालचा टेकू जमिनीस भिडवावा, आणि मग आंत जाऊन त्यांस अर्धा तास खुशाल आडवें होऊं द्यावें. तोंवर सूनबाईंच्या चहाचें आधण होईल.